पूर ओसरल्यानंतरची वर्षं



ऑगस्ट २०१९ मध्ये कुणाकुणाच्या घरात पाणी आलं होतं, असं मी विचारलं तर या सभागृहातले निम्मे हात वर होतील. हात वर करू नका. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. त्या पुरातून तुम्ही सावरलात कधी? पाणी उंबऱ्याला कधी लागलं, ते तुम्ही तासानिशी सांगाल. आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांची इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांची धोका पातळी मागं टाकून कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, हे सांगलीतल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. पण सावरलो कधी? कुठल्या महिन्यात? ही तारीख कुणाकडंच नाही. घराकडं नाही, गावाकडं नाही, कुठल्या कचेरीतही नाही. पूर मोजण्याची आपल्याकडं उत्तम सोय आहे. सावरणं मोजण्याची सोय मात्र आपण अजून केलेली नाही. आज मी त्याच्याबद्दल बोलणार आहे.

सातारा आणि सांगली हे काही संकटाला अनोळखी जिल्हे नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपानं हादरलं. सुमारे १८० माणसं गेली, घरं जमीनदोस्त झाली. त्यानंतर २००५ चा महापूर, २०१९ चा त्याहून मोठा, आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पुन्हा पूर. त्याच जुलैत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर उतरला. सोळा वर्षांत तीन महापूर! म्हणजे एका पुरातून घर उभं राहतंय तोवर दुसरा दारात. मग ‘आपत्ती आली आणि गेली’ ही भाषा आपण कशाच्या जोरावर करतो?

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. आपल्या माणसांत माया भरपूर आहे, पण मदतीची मुदत फार लहान आहे.

२०१९ चे ते पंधरा दिवस आठवा. कुठून कुठून भाकरी आल्या! चटणी-भाकरीची गाठोडी, पाण्याच्या बाटल्या, चादरी, औषधं. पुण्या-मुंबईचे ट्रक महामार्गावर पाणी उतरण्याची वाट बघत उभे होते. माण, आटपाडी, जत या तालुक्यांत त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात जनावरांसाठी चारा छावण्या होत्या. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला घोटभर पाण्याची वानवा आणि दुसऱ्या टोकाला छपरापर्यंत पाणी, हे आपण एका वर्षात पाहिलं. त्या पंधरा दिवसांत महाराष्ट्र जसा वागला, त्याचा मला आजही अभिमान वाटतो. ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली, तेव्हा अख्ख्या राज्यानं हळहळ केली.

पुढं काय झालं? सप्टेंबर आला, गणपती गेले. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक झाली. दिवाळी झाली. ट्रक यायचे थांबले, वार्ताहर यायचे थांबले. मार्चमध्ये कोरोना आला आणि टाळेबंदी लागली. गणपती पेठेतल्या ज्या दुकानदारानं उसनवारी करून पुन्हा माल भरला होता, त्याचं दुकान सात महिन्यांत पुन्हा बंद पडलं. टाळेबंदीतून तो जेमतेम मान वर काढतोय तर जुलै २०२१. त्या माणसाची खरी गरज कोणत्या महिन्यात होती? ऑगस्टमध्ये त्याला चादर मिळाली. फेब्रुवारीत कर्जाचा हप्ता भरायला कुणी उभं राहिलं का?

पहिला मुद्दा हा काळाचा आहे, आणि तो मला एका भिंतीवरून सांगायचा आहे.

भिलवडी, आमणापूर, अंकलखोप, मौजे डिग्रज अशा कुठल्याही नदीकाठच्या गावात जा. जुनं घर म्हणजे खाली दगड, वर पांढऱ्या मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत, वर कौलं नाहीतर पत्रा. पाणी घरात शिरतं तेव्हा अशी भिंत लगेच पडतेच असं नाही. आतही पाणी, बाहेरही पाणी. दोन्ही बाजूंचा दाब सारखा असतो, भिंत उभी राहते. पाणी उतरतं. माणूस परत येतो, भिंत उभी बघून देवाला हात जोडतो. चिखल काढतो, फिनेल मारतो, चूल मांडतो. पण भिंतीनं पोटात पाणी धरलेलं असतं. पायाखालची माती मऊ झालेली असते. ऊन पडतं, भिंत वरून वाळते, आतून ओलीच राहते. तिला भेगा पडतात, पोपडे सुटतात, पांढरं मीठ फुटतं. मग आश्विनात कधीतरी एक कोपरा खचतो. पुढच्या पावसाळ्यात पहिल्याच झडीत अख्खी भिंत बसते.

आता पंचनामा कधी होतो? पाणी ओसरल्यावर आठ-पंधरा दिवसांत. तलाठी, ग्रामसेवक येतात, घर बघतात. त्यांना दिसतं ते लिहितात. त्यांचा यात काही दोष नाही. एकेकाच्या अंगावर शेकडो घरं असतात आणि वरून तारीख पडलेली असते. घर उभं आहे, म्हणून नोंद होते: अंशतः नुकसान. ते घर दोन महिन्यांनी पडतं तेव्हा कागद बंद झालेला असतो. त्या घरातली बाई कचेरीत जाऊन सांगते, ‘साहेब, माझी भिंत पुरानंच पडली.’ तिला उत्तर मिळतं, पूर तर ऑगस्टमध्ये होता.

पुरानं पाडलेली भिंत पुराच्या हिशेबात नाही, याला काय म्हणायचं? २०१९ मध्ये मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असल्याची अट निघाली, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण पंचनाम्याच्या वेळापत्रकाबद्दल गदारोळ झाला नाही, कारण ते अन्याय म्हणून डोळ्यांत भरत नाही. माझी मागणी साधी आहे. दिवाळीनंतर दुसरा पंचनामा हवा आणि पुढचा पावसाळा संपल्यावर तिसरा. पहिल्या यादीत जे नाही, ते दुसरीत येऊ द्या.

यादीवरून दुसरी गोष्ट निघते. यादीत नाव कुणाचं लागतं? घरपट्टी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. वारस चौघं, त्यांतले दोघं मुंबईला. राहतो तो धाकटा, आणि भरपाईसाठी सह्या हव्यात चौघांच्या. शेती वाट्यानं करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. ऊस कुजला त्याचा, भरपाईचा कागद मालकाच्या नावानं. सांगलीच्या दत्तनगरात किंवा सूर्यवंशी प्लॉटमध्ये भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाचं शिलाई मशीन गेलं, फ्रिज गेला, पोरांची वह्या-पुस्तकं गेली. घराच्या पडझडीची भरपाई मात्र मालकाची. वाहून गेलेल्या म्हशीचा पुरावा काय दाखवायचा? दावणीचा दोर? आणि ज्या बायकांनी बचत गटाच्या नाहीतर मायक्रोफायनान्सच्या कर्जावर म्हैस घेतली होती, त्यांच्या दारात हप्ता मागायला माणूस आला तो मात्र चुकला नाही. म्हैस गेली आणि हप्ता राहिला. नदीकाठच्या कितीतरी घरांची पुढची तीन वर्षं या पाच शब्दांत गेली.

इथं जरा बाजूला जाऊन कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल बोलतो, कारण मी बोललो नाही तर तुम्ही प्रश्नोत्तरांत विचारणारच आहात. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली गेली, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. आपल्याकडच्या पुराला अलमट्टी कारण नाही, असं तिनं म्हटलं. ते अनेकांना पटलेलं नाही. धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा आग्रह आहे आणि त्याला आपला विरोध आहे. हा वाद महत्त्वाचा आहे, तो तज्ज्ञांनी आणि न्यायालयात नेटानं लढवावा. पण दर पुरानंतर आपली सगळी शक्ती अलमट्टीवर बोलण्यात जाते आणि सांगलीतले ओत, म्हणजे पाणी सामावणारे सखल भाग, कुणी बुजवले, नाल्यांवर कुणी बांधलं, निळ्या पूररेषेच्या आत कुणाच्या सहीनं प्लॉट पडले, हे विचारायला शक्ती उरत नाही. अलमट्टीचं उत्तर काहीही येवो, पडलेली भिंत ज्याची त्यालाच बांधायची आहे.

तर ती भिंत बांधायची कशी, आणि कुणी ठरवायचं?

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला किल्लारीला घेऊन जातो. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चार वाजायच्या सुमाराला जमीन हलली. दोन-दोन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. लातूर-उस्मानाबादकडची ही घरं झोपलेल्या माणसांवर बसली. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर राज्य सरकारनं जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसनाचा कार्यक्रम केला, तो देशातला तोवरचा फार मोठा कार्यक्रम होता. त्यात दोन वाटा होत्या आणि दोन्ही आपल्या उपयोगाच्या आहेत.

पहिली वाट पूर्ण स्थलांतराची. ५२ गावं उचलून नव्या जागी नेली. कंत्राटदारांनी आणि दानशूर संस्थांनी घरं बांधून दिली. हेतू चांगला, बांधकाम भूकंपाला टिकणारं. पण गावाचा आराखडा चौकोनी, सरळ रस्त्यांचा, शहरातल्या वसाहतीसारखा. जुन्या गावात बोळ होते, बोळाच्या तोंडाला ओटा होता, ओट्यावर बायका धान्य निवडायच्या, भावकी एका आळीत होती. नव्या गावात शेजार तुटला, गाव पसरलं, पाण्याची पाइपलाइन लांबली, आणि तिची दुरुस्ती ग्रामपंचायतीच्या गळ्यात आली. घरांचे आकार ठरले जमिनीवरून: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. म्हणजे भूकंपानं सगळ्यांना एका मैदानात आणलं होतं, आणि पुनर्वसनानं गावातली जुनी उतरंड काँक्रीटमध्ये पक्की केली.

दुसरी वाट दुरुस्तीची. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, तिथं जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती घरमालकांनी स्वतः करायची होती. पैसे हप्त्याहप्त्यानं खात्यात, सल्ला इंजिनिअरचा, काम गवंड्याचं, देखरेख घरच्यांची. सुरुवातीला हे काम रखडलं. लोकांना योजनाच कळत नव्हती, दुरुस्त केलेल्या घरात झोपायची भीती वाटत होती. तेव्हा स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीनं गावोगाव महिला संवाद सहायक नेमल्या गेल्या. हजाराहून अधिक गावांत. गावातल्याच बायका, बहुतेक थोड्या शिकलेल्या. त्यांनी काय केलं? भिंतीच्या आरपार जाणारा दगड का बसवायचा, छपराखाली काँक्रीटचा पट्टा कशासाठी, सळई कुठं वाकवायची, हे आधी स्वतः समजून घेतलं आणि मग घरोघर सांगितलं. सिमेंटात वाळू जास्त झाली की गवंड्याला टोकलं. हप्ता अडला की तालुक्याला जाऊन विचारलं. जी बाई कालपर्यंत चारचौघांत बोलत नव्हती, ती आज इंजिनिअरला विचारत होती, ‘साहेब, इथं पट्टा का नाही?’

मला या दोन वाटांतली दुसरी मोलाची वाटते. पहिलीत लोकांना घर मिळालं. दुसरीत लोकांना घर बांधता आलं, आणि गावात बांधकाम जाणणारी माणसं तयार झाली. किल्लारीची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाची वर्षानुवर्षांची जबाबदारी घेतली. मुलाला दहावीपर्यंत न्यायचं म्हणजे दहा वर्षांचं काम. दहा वर्षांचं काम आहे हे मान्य करून त्यांनी ते हातात घेतलं. मी मदतीची मुदत म्हणतो ती ही.

आता आपल्याकडं या. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, १५१ माणसं गेली. तीन वर्षांनी नवं गाव झालं, २०१७ च्या एप्रिलमध्ये थाटात उद्घाटन झालं, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तिथले रस्ते आणि भराव खचले. उद्घाटनाच्या दिवशी पुनर्वसन संपलं असं सगळ्यांनी धरलं होतं. खरी परीक्षा पुढच्या पावसाची होती.

आणि आंबेघर, मिरगाव, ढोकावळे? २०२१ नंतर त्या कुटुंबांना कोयनानगरला प्रकल्पाच्या वसाहतीतल्या रिकाम्या खोल्यांत आणून ठेवलं. तात्पुरतं म्हणून. त्या तात्पुरत्या खोल्यांत किती पावसाळे गेले, ते पाटणच्या कुठल्याही माणसाला विचारा. शेत वर डोंगरात, माणूस खाली खोलीत. सकाळी चालत वर जायचं, नाचणी-भात बघायचा, अंधार पडायच्या आत परत यायचं. म्हातारी माणसं ते करू शकत नाहीत, म्हणून कित्येकांची शेतं पडीक राहिली. ज्या डोंगरानं माणसं नेली त्याच्याच पायथ्याला काही जण परत राहायला जातात. आपण त्यांना हट्टी म्हणतो. गोठा तिथं आहे, रान तिथं आहे, मग माणूस कुठं राहील?

या कोयनेच्या खोऱ्यानं धरणासाठी गावं सोडली, मग भूकंप सोसला, मग दरडी सोसल्या. १९६७ नंतर धरणाचं काय केलं बघा. उंच भागांना मागून काँक्रीटचे आधार दिले. सांडव्याचा भागही पुढं, २००० नंतर, मजबूत केला. भूकंपमापक यंत्रं आजही चालू आहेत, लहानसा धक्काही नोंदला जातो. कराडला खोल जमिनीतल्या हालचालींचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. हे सगळं योग्यच आहे, धरणाची काळजी घ्यायलाच हवी. जी चिकाटी आपण धरणाच्या बाबतीत पन्नास वर्षं दाखवली, तिच्यातली दहा वर्षं तरी माणसांच्या वाट्याला यावीत, एवढंच मी मागतो. भूकंपग्रस्तांना सरकारी नोकरीत दोन टक्के समांतर आरक्षण आहे आणि त्याच्या दाखल्यासाठी पाटणमधली नातवंडं आजही धडपडतात. यावरून तरी कळावं की आजोबांच्या पडलेल्या घराची झळ किती लांब जाते.

घराविषयी पुष्कळ बोललो. पण घर उभं राहिलं तरी धंदा उभा राहतोच असं नाही. हरिपूरची हळदीची पेवं तुमच्यातल्या वयस्कर मंडळींना चांगली आठवत असतील. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती. तिच्यात वरून अरुंद आणि खाली फुगत जाणारा खोल खड्डा खणायचा, तळाला आणि कडेला पाला-पाचट लावायचं, आत हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. पेव उघडायचं तर आधी तोंड मोकळं ठेवायचं, कंदील खाली सोडून बघायचा; तो विझला तर माणूस आत उतरवायचा नाही. खणणारे ठरलेले, भरणारे ठरलेले, मातीचा आवाज ऐकून पेव चांगलं की वाईट सांगणारे ठरलेले. २००५ च्या पुरात ही पेवं पाण्यानं भरली, खचली. व्यापार थांबला नाही. तो गोदामांत आणि शीतगृहांत गेला. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. बाजार सावरला. पेव खणणाऱ्याचं काय झालं? त्याचं नुकसान कुठल्या रकान्यात लिहिलं? त्याचं घर पडलं नव्हतं, जमीन वाहून गेली नव्हती, दुकान नव्हतं. त्याच्या हातातली विद्या एका पावसाळ्यात बिनकामाची झाली. सांगली सावरली असं आपण म्हणतो तेव्हा हा माणूस त्यात धरलेला असतो का?

म्हणून मी संस्थांना विनंती करतो. या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, नागरी बँका आहेत, पतसंस्था आहेत, दूधसंघ आहेत, रयतसारखी शिक्षणसंस्था आहे. पुन्हा पूर आला की त्या आठवड्यात जेवढं जमेल तेवढं द्या. पण जमलेल्या निधीतला निम्मा भाग वर्षभर हात न लावता ठेवा. तो दुसऱ्या पंचनाम्यानंतर खर्च करा: आश्विनात पडलेल्या भिंतीसाठी, तुंबलेल्या हप्त्यासाठी, बदललेल्या धंद्यासाठी. प्रत्येक पूरग्रस्त गावात एक बाई तीन वर्षांसाठी मानधनावर नेमा. कोणत्या घराचा कोणता कागद कुठं अडकला आहे, हे तिच्या वहीत असू द्या. किल्लारीच्या बायकांनी हे करून दाखवलं आहे, तेव्हा जमणार नाही असं कुणी म्हणू नये. आणि पुनर्वसनाचा आराखडा मंजूर करण्याआधी तो गावच्या चावडीत बायकांसमोर मांडा. गोठा कुठं, पाणी कुठं, शेतापर्यंत चालत किती वेळ लागतो, हे त्या विचारतील.

कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या साहाय्यानं मोठा कार्यक्रम आखला गेला आहे. नाले, नदीपात्र, पूर्वसूचना यांवर खर्च होईल. व्हावा. त्याच्या बैठकांत नदीकाठच्या गावांतल्या, भाड्यानं राहणाऱ्या, वाट्यानं शेती करणाऱ्या माणसांना खुर्ची मिळते का, यावर तुम्ही-आम्ही लक्ष ठेवायचं आहे.

शेवटी एक कामाची गोष्ट. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांशी मी बोललो आहे आणि त्यांनी मान्य केलं आहे. पुढच्या वर्षीपासून मालेतला एक दिवस व्याख्यानाचा नसेल. त्या दिवशी पूरपट्ट्यातलं एक गाव इथं येईल आणि आपला हिशेब मांडेल: किती घरं पडली, किती उभी राहिली, कोण गाव सोडून गेलं, कुणाचं काय अडलं आहे. बँकेच्या, कारखान्याच्या, महसूल खात्याच्या माणसांनी समोर बसून ऐकायचं. तेच गाव सलग पाच वर्षं बोलवायचं, दर वर्षी नवं नाही. कोयना खोऱ्यातल्या लोकांना इथं यायला लांब पडतं, म्हणून त्यांची बैठक पाटणला घ्यायची. गाव कोणतं, हे आज ठरवायचं आहे, आणि हिशेबाची वही लिहायला तीन-चार तरुण मुलं-मुली हवीत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आभारप्रदर्शनानंतर पाच मिनिटं थांबावं, आपण नावं लिहून घेऊ.